उन्हाचा मार आणि पानांची डागडुजी

भुसावळ किंवा जळगावचा पारा ४५ अंशांवर गेला की ती पहिल्या पानाची बातमी होते. माणसे दुपारची कामे सकाळवर ढकलतात, डोक्याला रुमाल बांधतात, सावली धरून चालतात. यावलच्या सातपुड्यातल्या अंजनाला, धुळ्याच्या डोंगरउतारावरच्या सालईला किंवा महामार्गाच्या कडेच्या वेड्या बाभळीला ही सोय नाही. त्यांच्याविषयी बोलताना आपण पाण्याचीच चिंता करतो, आणि ती रास्त आहे. पण उन्हाळ्यात झाडाला छळणारी दुसरीही एक गोष्ट आहे, ती म्हणजे खुद्द प्रकाश. ज्या प्रकाशावर पान जगते तोच त्याची यंत्रणा रोज मोडतो, आणि पान ती रोज दुरुस्त करते. गेल्या सत्तर वर्षांत या मोडतोडीविषयी आणि डागडुजीविषयी बरेच कळले आहे. ते खानदेशातल्या रानासमोर ठेवून पाहावे, एवढ्यासाठी हा आढावा.

सूर्यप्रकाश म्हणजे पानाचे इंधन, हे आपण शाळेत शिकलो. ते खरेच आहे, पण भर दुपारी मिळणारे सगळे इंधन पानाला वापरता येत नाही. निरभ्र आकाशात माध्यान्ही दर चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल प्रकाशकण येऊन पडतात. आपल्याकडच्या बहुतेक वृक्षांच्या पानांचे प्रकाशसंश्लेषण याच्या निम्म्यातच कमाल पातळीला टेकते. पुढे प्रकाश वाढला तरी साखर वाढत नाही. जमिनीत ओल उरली नाही, पर्णरंध्रे मिटली आणि कर्बवायू आत येईनासा झाला की ही मर्यादा आणखी खाली येते. हरितद्रव्य मात्र प्रकाश शोषतच राहते. शोषलेली ऊर्जा साखरेत गेली नाही, उष्णता होऊन निघाली नाही, तर ती प्राणवायूच्या रेणूला जाऊन भिडते. त्यातून सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो. तो आजूबाजूच्या प्रथिनांना आणि मेदांना जाळत सुटतो.

सर्वांत जास्त मार बसतो तो प्रकाशप्रणाली-२ या यंत्रणेला. हरितलवकाच्या आतल्या पापुद्र्यांत बसलेली ही यंत्रणा पाण्याचा रेणू फोडते आणि प्राणवायू मोकळा करते. पाणी फोडणे हे रसायनशास्त्रातले अवघड काम आहे. त्यासाठी लागणारी ऑक्सिडीकरणाची ताकद इतकी तीव्र असते की ती यंत्रणेच्याच अंगावर येऊ शकते. यंत्रणेच्या गाभ्यात डी-१ नावाचे प्रथिन असते. मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू असलेला पाणी फोडणारा पुंजका बहुतांशी त्याच्याच आधाराने बसलेला असतो, आणि इलेक्ट्रॉनांची वाटही त्यातूनच जाते. प्रकाशाने मोडते ते मुख्यतः हे प्रथिन. बेसेल कोक यांनी १९५६ मध्ये प्रकाशबाधेचा, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला फोटोइनहिबिशन म्हणतात त्याचा, पद्धतशीर अभ्यास मांडला. १९८४ मध्ये काइल, ओहाद आणि आर्न्टझेन यांनी दाखवले की या बाधेत हे विशिष्ट प्रथिनच निकामी होते आणि ते बदलले की काम पूर्ववत चालू होते. भर उन्हात डी-१ चे अर्धायुष्य तासाभराहून कमी भरते. पानातले दुसरे कोणतेही मोठे प्रथिन इतक्या झपाट्याने बदलले जात नाही.

दुरुस्तीची पद्धत बारकाईने पाहण्याजोगी आहे. हरितलवकातले पापुद्रे काही ठिकाणी चळतीसारखे एकावर एक रचलेले असतात, त्यांना ग्रॅना म्हणतात. या चळतींना जोडणारे मोकळे पापुद्रे वेगळे. प्रकाशप्रणाली-२ ची धडधाकट यंत्रे चळतींत काम करतात. यंत्र मोडले की त्याला खूण म्हणून फॉस्फेट चिकटवले जाते, त्याचे सुटे भाग विलग होतात आणि गाभा चळतीतून सरकत मोकळ्या पापुद्र्याकडे येतो. तिथे एफटीएसएच आणि डेग या नावांची प्रथिने तोडणारी विकरे जखमी डी-१ चे तुकडे करून ते बाहेर काढतात. त्याच जागी, हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएवर असलेल्या पीएसबीए या जनुकावरून, नवे डी-१ तयार होता होताच यंत्रात गुंफले जाते. मग मँगनीजचा पुंजका पुन्हा जोडला जातो आणि यंत्र चळतीत परत जाते. बाकीची वीसेक प्रथिने बहुतांशी तीच राहतात, एकच बदलले जाते.

या वाटेच्या नकाशात एका मराठी शास्त्रज्ञाचा हात आहे आणि त्यांचे नाव जळगावशी जोडलेले आहे. प्रफुल्लचंद्र विष्णू साने यांनी १९७० मध्ये, अमेरिकेत बर्कलीला पार्क आणि गुडचाइल्ड यांच्याबरोबर काम करताना, साबणासारखी रसायने न वापरता हरितलवकाचे चळतीचे आणि मोकळे असे दोन्ही भाग वेगळे केले. मोकळ्या पापुद्र्यांत प्रकाशसंश्लेषणाची दुसरी यंत्रणा, प्रकाशप्रणाली-१, प्रामुख्याने आढळते आणि प्रणाली-२ चळतींत एकवटलेली असते, हे त्यातून समोर आले. दोन्ही प्रणाली सर्वत्र सारख्याच पसरलेल्या नाहीत, त्यांना आपापली जागा आहे, ही कल्पना तिथून पक्की होत गेली. मोडलेले यंत्र एका भागातून दुसऱ्या भागात का जाते, हा प्रश्न पडायला आधी हे दोन भाग वेगळे ठाऊक असावे लागतात. पुढे साने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि नंतर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक म्हणून काम करत राहिले. भटनागर पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. निवृत्तीनंतर ते जळगावला जैन इरिगेशनच्या संशोधन विभागात आले.

साने यांचे हत्यार होते थर्मोल्युमिनेसन्स. पानाच्या तुकड्यावर थंड स्थितीत प्रकाशाचा झोत टाकायचा, तो द्रवरूप नायट्रोजनात गोठवायचा आणि अंधारात हळूहळू गरम करत न्यायचा. प्रकाशामुळे वेगळे झालेले ऋण आणि धन भार ठरावीक तापमानाला पुन्हा एकत्र येतात आणि त्या क्षणी पान अतिशय मंद उजेड टाकते. कोणत्या तापमानाला हा उजेड येतो त्यावरून इलेक्ट्रॉन यंत्रणेत कुठे, किती घट्ट अडकला होता ते कळते. याच पद्धतीने साने यांनी २००३ मध्ये स्वीडन आणि कॅनडातल्या सहकाऱ्यांबरोबर एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. थंडीला सरावलेल्या अरेबिडोप्सिस या रोपट्यात प्रणाली-२ मधल्या दोन इलेक्ट्रॉन-ग्राहकांमधले ऊर्जेचे अंतर कमी होते. त्यामुळे जादा ऊर्जा यंत्राच्या गाभ्यातच निरुपद्रवीपणे विझते आणि रोपटे प्रकाशबाधेला जास्त दाद देत नाही. थंडीतल्या पानाचा हा अभ्यास ज्यांनी केला ते साने खानदेशाच्या उन्हात कामाला आले, ही गोष्ट मला नुसती योगायोगाची वाटत नाही. थंडी असो की होरपळ, पानापुढचा पेच एकच असतो, शोषलेली ऊर्जा खर्चाच्या मानाने जास्त होण्याचा.

आता या विषयातल्या सर्वांत मोठ्या वादाकडे. पानाची कार्यक्षमता दुपारी घसरली तर ती मोडतोड वाढल्यामुळे की दुरुस्ती मंदावल्यामुळे? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. ते वेगळे करायला एक सोपी युक्ती आहे. पानाचा देठ लिंकोमायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात बुडवायचा. ते पानात चढले की हरितलवकाचे प्रथिने बनवण्याचे काम थांबते, म्हणजे दुरुस्ती बंद होते. मग प्रकाशात ठेवल्यावर जी घसरण दिसेल ती निव्वळ मोडतोडीची. फिनलंडमध्ये टूस्टयार्वी आणि आरो यांनी १९९६ मध्ये अशा प्रयोगातून दाखवले की मोडतोडीचा वेग प्रकाशाच्या तीव्रतेच्या थेट प्रमाणात असतो. मंद प्रकाशातही यंत्रे मोडतातच, फक्त हळू. अमुक एक उंबरठा ओलांडल्यावरच मोडतोड सुरू होते, असे नाही. साधारण एक कोटी प्रकाशकणांमागे एक यंत्र निकामी होते. प्रमाण किरकोळ वाटते, पण भर दुपारी एका यंत्राच्या वाट्याला तेवढे कण यायला फार वेळ लागत नाही.

हे मान्य केले की पुढचा निष्कर्ष टाळता येत नाही. प्रत्येक हिरवे पान उजेडात सतत मोडत असते आणि सतत जुळत असते. आपल्याला ते धडधाकट दिसते कारण जुळणी मोडतोडीच्या बरोबरीने चाललेली असते. जपानमध्ये नोरिओ मुराता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पुढे नेला. उष्णता, थंडी, क्षार आणि ऑक्सिडीकरणाचा ताण हे सगळे मोडतोड वाढवतात त्यापेक्षा कितीतरी जास्त दुरुस्ती अडवतात, असे त्यांनी दाखवले. विशेषतः नवे डी-१ बनवण्याची पायरी या ताणांत अडकते. १९९० च्या दशकापर्यंत जादा प्रकाशानेच मोडतोड होते हीच समजूत प्रबळ होती. २००५ च्या सुमारास आणखी एक विचार पुढे आला. पहिला घाव प्रकाश शोषणाऱ्या हरितद्रव्यामुळे बसत नाही, मँगनीजचा पुंजका अतिनील आणि निळा प्रकाश स्वतःच शोषून मोडतो आणि मग पुढचे नुकसान होते, असा तो विचार. हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही, आणि दोन्ही मार्ग एकाच पानात चालत असण्याची शक्यता मला जास्त पटते. मात्र दुरुस्तीच्या बाबतीत मुरातांचे म्हणणे चांगले टिकले आहे. खानदेशासाठी तेच कामाचे आहे.

कारण आपल्याकडचे ऊन जगातल्या इतर कोरड्या उष्ण प्रदेशांपेक्षा फार जास्त प्रखर नाही. वेगळे आहे ते त्याच्या जोडीला येणारे बाकी सगळे. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की जमिनीत थोडी ओल असली तरी पर्णरंध्रे सकाळीच मिटू लागतात. कर्बवायू तुटतो. तापलेल्या पानात रुबिस्को या विकराला जागे ठेवणारे रुबिस्को-ॲक्टिव्हेज हे प्रथिन ढेपाळते, त्यामुळे आत आलेला कर्बवायूही नीट वापरला जात नाही. प्रकाश तोच, पण त्यातला जादा वाटा वाढतो. त्याच वेळी दुरुस्तीचे कारागीर उष्णतेने मंद होतात. तीन बाजूंनी एकाच वेळी कोंडी होते. उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या पानांसाठी प्रणाली-२ बिघडू लागण्याचे सरासरी तापमान ४६.७ अंशांच्या आसपास येते. २०२३ मध्ये उष्ण कटिबंधीय जंगलांच्या पाहणीत हाच आकडा धोक्याची रेघ म्हणून धरला गेला. घाम न येणाऱ्या, रंध्रे मिटलेल्या पानाचे तापमान हवेपेक्षा काही अंशांनी वर जाते, हे लक्षात घेतले की भुसावळच्या दुपारी ही रेघ किती जवळ असते ते कळते.

पानाची पहिली ढाल रसायनाची असते. प्रकाश जादा झाला की हरितलवकाच्या आतल्या पोकळीत आम्लता वाढते. आम्लता वाढली की व्हायोलाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचे झियाझँथिन बनते. त्याच्या आणि पीएसबीएस या प्रथिनाच्या साथीने जादा ऊर्जा उष्णता होऊन बाहेर टाकली जाते. झियाझँथिनचे हे काम १९८७ मध्ये बार्बरा डेमिग-ॲडम्स, क्लाउस विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले आणि पीएसबीएसची भूमिका २००० मध्ये कृष्णा नियोगी यांच्या प्रयोगशाळेने उघड केली. ओल्ले ब्यर्कमन आणि डेमिग यांनी वेगवेगळ्या जातींची पाने मोजून अंधारात ठेवलेल्या निरोगी पानाची कार्यक्षमता सरासरी ०.८३ असते, हेही ठरवले. आज रानात प्रकाशबाधा मोजताना सगळे याच आकड्याशी ताडून पाहतात. ही मोजणी ज्या मूळ निरीक्षणावर उभी आहे ते १९३१ चे, काउट्स्की आणि हिर्श यांचे. अंधारातल्या पानावर अचानक प्रकाश टाकला की ते लालसर प्रतिदीप्ती टाकते आणि ती वरखाली होते, हे त्यांनी पाहिले होते.

रसायन पुरे पडत नाही तिथे झाडे आकार आणि वेळ वापरतात, आणि खानदेशातले रान या बाबतीत श्रीमंत आहे. डी. ए. पाटील यांचा धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरचा ग्रंथ २००३ मध्ये आला, एस. आर. क्षीरसागर यांच्यासह केलेला जळगाव जिल्ह्याचा २००८ मध्ये. कोणती वनस्पती कुठे आहे याची ही पक्की यादी हाताशी आहे. पुढचा प्रश्न त्या जाती उन्हाशी कशा वागतात हा.

सगळ्यांत उघड उपाय म्हणजे पान टाकून देणे. साग फेब्रुवारी-मार्चपर्यंत बोडका होतो आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत तसाच राहतो. पण पान टाकणे ही घाईची गोष्ट नाही. हरितद्रव्य मोकळे सुटले तर तेच प्रकाशात घातक ठरते, म्हणून गळण्याआधी झाड त्याचे टप्प्याटप्प्याने रंगहीन पदार्थांत विघटन करते आणि नत्र मागे ओढून घेते. पिवळे पान हे सावकाश आणि सुरक्षितपणे आवरलेले पान असते.

सालई आणि कांडोळ यांनी आणखी एक पाऊल टाकले आहे. त्यांची पाने उन्हाळ्यात नसतात, पण सालीखाली हिरवा थर असतो. कांडोळाची गुळगुळीत पांढुरकी साल सातपुड्याच्या उतारावर दुरूनही ओळखू येते. तिचा पापुद्रा सुटतो, आतून नवी, फिकट साल दिसते. ती बराचसा प्रकाश परतवते आणि थोडाच आत जाऊ देते. आतला हिरवा थर खोडाच्या श्वसनातून निघालेला कर्बवायूच पुन्हा वापरतो, म्हणजे पाणी न गमावता थोडी कमाई. नेपती तर जवळजवळ पाने न ठेवताच हिरव्या फांद्यांवर जगते. बांधावरचे शेर आणि फड्या निवडुंग रात्री रंध्रे उघडून कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे बंद ठेवून तो वापरतात. त्यामुळे दुपारी त्यांच्या हिरव्या पेशींत कर्बवायूची टंचाई नसते आणि शोषलेल्या प्रकाशाला खर्चाची वाट मिळते.

पण मला सर्वांत कोड्यात टाकतात ती ऐन उन्हाळ्यात पालवणारी झाडे. पाऊस महिना-दोन महिने लांब असताना, जमीन कोरडी असताना, कोशिंब मार्च-एप्रिलमध्ये लालबुंद पालवी काढतो. पिंपळ तांबूस होतो, मोहाला तांबडट कोवळी पाने येतात, पळस फुले झडल्यावर लवदार पाने काढतो. अंजनाला फार काळ बोडके राहणे माहीत नाही. पाने गळतात आणि उन्हाळ्यातच नवी येतात. पहिल्या सरीला पूर्ण वाढलेले पान तयार असले तर सगळा पावसाळा कमाईला मिळतो, हा हिशेब समजण्यासारखा आहे. तो पार पाडायचा तर कोवळ्या पानाला वर्षातला सर्वांत कडक महिना काढावा लागतो, तेही अशा वेळी जेव्हा त्याची यंत्रणा अर्धवट उभी असते, साखर बनवण्याची क्षमता कमी असते आणि दुरुस्तीची फौज पुरी भरलेली नसते.

अशा वेळी लाल रंग येतो. कोशिंबाचे कोवळे पान उजेडासमोर धरून पाहावे. लाली पानाच्या वरच्या थरांत पसरलेली असते आणि हिरवे अजून फिके असते. हा रंग अँथोसायनिनांचा. ती हिरवा-पिवळा प्रकाश शोषून खालच्या हरितलवकांवरचा भार हलका करतात, हे प्रयोगांत दिसले आहे. मात्र लाल पालवीचे कारण म्हणून एवढेच पुरेसे आहे का, यावर एकमत नाही. किडींना लाल पान ओळखू येत नाही किंवा नकोसे वाटते, असे एक मत. अँथोसायनिन ऑक्सिडीकरणाविरुद्ध ढाल असते, असे दुसरे. आणि मँगनीजचा सिद्धान्त खरा असेल, म्हणजे पहिला घाव अतिनील आणि निळ्या प्रकाशाचा असेल, तर लालीपेक्षा तिच्यासोबत येणारी, डोळ्यांना न दिसणारी, अतिनील अडवणारी फ्लॅव्होनॉइडे जास्त कामाची असली पाहिजेत. रंगाने डोळा वेधला जातो म्हणून त्यालाच सगळे श्रेय द्यायला मी तयार नाही. कोवळी पाने जवळजवळ उभी लोंबतात, त्यामुळे डोक्यावरच्या सूर्याचे किरण त्यांना तिरपे लागतात, आणि हा लोंबण्याचा उपाय रंगाइतकाच परिणामकारक असू शकतो.

पानाचा कोन हा किती मोठा उपाय आहे, याचा पुरावा रानशेंगेच्या एका जातीने दिला. सिराट्रो नावाच्या या वेलीची पाने पाणी तुटले की दुपारी सूर्याशी समांतर उभी राहतात. लडलो आणि ब्यर्कमन यांनी १९८४ मध्ये काही पाने आडवी धरून ठेवली, बाकीची मोकळी सोडली. आडव्या धरलेल्या पानांची यंत्रणा उन्हाने आणि उष्णतेने बिघडली, मोकळी पाने वाचली. खानदेशातल्या केळीच्या बागेतही हेच दिसते. दुपारी केळीच्या पानाच्या दोन्ही बाजू मधल्या शिरेपासून खाली झुकतात आणि पान मिटल्यासारखे होते. रावेर-यावलचे बागायतदार उष्ण वाऱ्यापासून बागेला आडोसा करतात, पण पान स्वतःही उन्हाकडे पाठ वळवते. उलट कपाशीची पाने दिवसभर सूर्याच्या रोखाने फिरतात. पाण्याची हमी असेल तोवर प्रकाश जितका घ्यावा तितका फायद्याचा, आणि हमी गेली की तोच अंगावर येतो.

रुईच्या पानावर पांढरी लव आणि मेणाचा थर असतो. ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, आफ्रिकेत कोरड्या प्रदेशांत हाच उपाय स्वतंत्रपणे निघालेला दिसतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या एन्सेलियावर एलेरिंगर यांनी दाखवले की ही लव प्रकाश परतवून पानाचे तापमान आणि ऊर्जेचा भार दोन्ही कमी करते.

मारवेल, पवन्या, कुसळी या आपल्या गवतांची गोष्ट वेगळी. ती सी-४ पद्धतीची. कर्बवायू एकवटण्याची त्यांची युक्ती असल्यामुळे त्यांची कमाल पातळी खूप उंच असते, भर दुपारचाही बराचसा प्रकाश ती साखरेत वळवू शकतात. त्यांचा सगळा संसार पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत उरकतो, उन्हाळ्यात ती जमिनीखाली किंवा बियांत असतात. प्रकाशाचा मार चुकवण्याचा तोही एक उपाय.

मग उरते वेडी बाभूळ. परदेशातून आलेली ही झाडी खानदेशच्या पडीक जमिनींत, नाल्यांच्या काठी, रेल्वेच्या कडेने फोफावली आहे आणि मे महिन्यातही हिरवी असते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत प्रमोद शिर्के आणि उदय पाथरे यांनी तिच्या पानांतले दिवसभराचे आणि ऋतूंनुसारचे बदल मोजले, आणि २००४ मध्ये कोरड्या हवेचा तिच्या प्रकाशसंश्लेषणावर काय परिणाम होतो याचा स्वतंत्र अभ्यास केला. पाथरे, शिर्के, साने यांच्या गटाने १९९८ मध्ये मान्सूनच्या हवामानातल्या झाडांची दुपारची घसरण कशाने ठरते, यावरही काम मांडले होते. दुपारची घसरण दिसली की लगेच 'उन्हाने यंत्र मोडले' असे म्हणता येत नाही. रंध्रे मिटल्यानेही तीच घसरण दिसते, आणि ती संध्याकाळी भरून निघते. हा फरक न करता केलेली मोजणी दिशाभूल करते. तो करण्याची शिस्त या मराठी नावांच्या गटाने आपल्याच हवामानातल्या झाडांवर घालून दिली, याचे मला मोल वाटते.

दगडावरच्या वनस्पतींचा उपाय याहून टोकाचा आहे. त्या पूर्ण वाळतात, पावसाने पुन्हा हिरव्या होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटात अशा ६२ जाती नोंदवल्या आहेत. पाणी नसलेल्या अवस्थेत हरितद्रव्य असणे ही प्रकाशबाधेला उघड आमंत्रणाची स्थिती, कारण दुरुस्ती पूर्ण बंद असते. काही जाती वाळताना हरितद्रव्यच काढून टाकतात. काही ते ठेवतात आणि पाने गुंडाळून घेतात, म्हणजे आतली बाजू सावलीत राहते. अमेरिकेच्या वाळवंटातल्या सिलाजिनेला लेपिडोफिलावर लेबकुखर आणि आइकमायर यांनी दाखवले की ही गुंडाळीच तिला प्रकाशबाधेपासून वाचवते. आपल्याकडे संजीवनी म्हणून विकली जाणारी सिलाजिनेला तिचीच भावकी.

आता एक उपेक्षित बाजू. सगळे लक्ष प्रणाली-२ कडे असते, पण प्रणाली-१ मोडली तर तिची दुरुस्ती तासांत होत नाही, दिवस लागतात. ती बिघडते मुख्यतः प्रकाश एकदम कमी-जास्त होताना, जसे पानझडी जंगलाच्या छताखाली उन्हाचे कवडसे सरकतात तेव्हा. प्रणाली-२ चे वारंवार बंद पडणे हेच प्रणाली-१ चे संरक्षण असावे, असे अनेक संशोधक आता मानतात. म्हणजे जे नुकसान म्हणून मोजले जाते त्यातले काही मुद्दाम सोसलेले असेल.

पिकांवरच्या संशोधनाचा रोख याच्या उलट आहे. २०१६ मध्ये क्रोमडाइक आणि सहकाऱ्यांनी तंबाखूत तीन जनुके वाढवून सावली पडताच ढाल लवकर उतरवणारी रोपे तयार केली आणि शेतात सुमारे १५ टक्के जास्त वाढ मिळवली. पाण्याची खात्री असलेल्या शेतात हे शहाणपणाचे आहे. रानात मात्र ढाल उशिरा उतरवणे हा विमा असू शकतो. कोरड्या हंगामात पान राखणाऱ्या झाडांत झियाझँथिन रात्रभर तसेच टिकून राहणे ही दीर्घकाळची खबरदारी असते. पिकाच्या मापाने अशा पानाला आळशी ठरवणे चुकीचे होईल.

ऑस्ट्रेलियाचे बॅरी ऑस्मंड यांनी १९९० च्या दशकात जो भेद मांडला तो इथे उपयोगी पडतो. दुपारी घसरून संध्याकाळपर्यंत किंवा रात्रीत भरून निघणारी बाधा वेगळी, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत न भरणारी जुनाट बाधा वेगळी. पहिली ही दिनक्रमाचा भाग, दुसरी हा इशारा. ती ओळखायची तर मोजणी सूर्योदयापूर्वी करायला हवी. रात्रभर अंधारात राहिलेल्या पानावर प्रतिदीप्तीमापकाची चिमटी लावली की काही सेकंदांत आकडा मिळतो. दुपारी दोन वाजता तीच चिमटी लावून वीस-तीस मिनिटे अंधार दिला की दुसरा आकडा. यंत्र हातात मावते आणि ते महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. यावल, अनेर आणि पाटणादेवी यांच्यासारखी तीन वेगवेगळ्या धाटणीची रानेही जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतच आहेत. अंजन, कोशिंब आणि वेडी बाभूळ, प्रत्येकी एकाच वयाची पाने, फेब्रुवारी ते जुलै, दर पंधरवड्याला पहाटे आणि दुपारी, एवढीच आखणी पुरेल. अंजनाच्या नव्या पानाचा पहाटेचा आकडा मेअखेर ०.८ च्या आसपास टिकला, तर त्याची दुरुस्ती उष्णतेतही चालू आहे असे धरता येईल आणि मग शोध तिच्या विकरांचा घ्यावा लागेल. तो घसरला आणि तरीही पान जुलैत पुन्हा वर आले, तर अंजन दुरुस्ती पुढे ढकलून पावसाची वाट पाहतो, असे मानावे लागेल. वेड्या बाभळीचा आकडा दोन्ही वेळा स्थिर राहिला, तर ती आपल्या देशी झाडांना इतक्या सहज का हटवते, याच्या उत्तराचा एक भाग तिच्या पानात सापडेल.